होकारी मेंढा

अमास्त्रिस, मेंढरं डोंगरावरून खाली आली त्या महिन्याची पौर्णिमा

दादा,

भुऱ्या अजून जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तू विचारलंस तर त्याच्याबद्दलच विचारशील. खातोय, माजलाय, काल बाबांच्या गुडघ्यावर धडक मारली. वेदीवरून परत आलेला मेंढा कापता येत नाही, विकता येत नाही, नुसता पोसायचा. तुझी आठवण म्हणून तेवढा एक ठेवून गेलास आणि तो अगदी तुझ्यासारखाच वागतो.

तुझं पत्र मिळालं. सिनोपेत दोर वळायचं काम मिळालंय, बरा आहेस, ही एक ओळ. बाकी सगळं तुझ्या नव्या देवाबद्दल. बाबांच्या खोकल्याबद्दल एक शब्द नाही.

मग मीच सांगते इथलं. शरदाच्या सणाला नेलेले अर्धे मेंढे घरी आले. होकार दिला नाही म्हणून नाही, घ्यायलाच कोणी नव्हतं. वेदीवरचं मटण खाटकाकडे दुपारपर्यंत पडून राहतं, माश्या बसतात. तुझी ती ख्रिस्ताची माणसं देवापुढचं मटण विकत घेत नाहीत, आणि त्यांचं बघून शेजारपाजारचेही म्हणतात, नको बाई, कुपा मासा बरा, माशांना कोणी देवापुढे नेत नाही.

पण लोकांचं काय घेऊन बसायचं. सुरुवात तू केलीस. सगळ्या गावासमोर, झ्यूसच्या वेदीपाशी, भुऱ्याच्या डाव्या बाजूला उभा राहिलास. पाणी शिंपडलंस. आणि शेवटचा थेंब त्याच्या कानात सोडलाच नाहीस. लोकांना नाही कळलं, मला कळलं, मी तुझा अंगठा बघत होते. कोरडा होता. पुजारी थांबलाय, बासरीवाल्याचा श्वास संपत आलाय, आणि भुऱ्या आपला उभा, रवंथ करत. जनावराने मान खाली घालून होकार दिला नाही तर ते कापायचं नाही, हा नियम तुला का मी सांगायचा? आजोबांच्या वेळेपासून आपला एकही मेंढा परत आला नव्हता. लोक म्हणायचे, यांच्या मेंढ्यांना देव कळतो. देव कसला, आपल्या घराण्याचा अंगठा, कानात गार थेंब पडला की मान आपोआप खाली.

मी लहान असताना तू मला ते शिकवलंस आणि वर धमकी दिलीस, "अम्मिया, बाहेर बोललीस ना, तर तुझ्याच कानात ओतीन." मी आजपर्यंत बोलले नाही. गुपित सांभाळणारी मी, आणि धंद्यातून उठून गेलास तू.

परत ये. काकांची माफी माग. ते ओरडतील, बोकडासारखे ओरडतील, मग जेवायला बसवतील. झार्दोकस काका कसे आहेत तुला माहितीये.

अम्मिया

अमास्त्रिस, नवी द्राक्षदारू रांजणातून काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी

दादा,

तुझं उत्तर आलं. पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा राग आला. म्हणे, "कानात पाणी न घालता स्वतःहून मान डोलावणारा एकच झाला, अम्मिया, आणि मी त्याच्याकडे गेलोय." वा. म्हणजे आम्ही बाकीचे सगळे पाणी घालणारे. तुला वाढवलं कोणी? त्याच पाण्याने.

एक बातमी आहे. तुझ्या त्या लोकांविरुद्ध सुभेदाराकडे अर्ज गेलाय. कोणी केला माहीत नाही. म्हणजे, गावातल्या लोकांनी केला. चारेवाला बियासस होता, खाटीक होता, बाकी धंद्यातलेच सगळे. कुठे जमले होते ते सोड.

बियासस नुसता गवतावर बोलत होता. "वेदीची गुरं नाहीत तर माझी गंजी कोण खाणार, मी? सडतंय सगळं. उंदीर सोडून गेले." काका म्हणाले, "अर्जात गवत लिहायचं नाही."

"मग काय लिहू?"

"देव रागावलेत असं लिही. भूकंप लिही."

"भूकंप गेल्या वर्षी झाला."

"देवांना राग यायला वेळ लागतो. मोठी माणसं आहेत ती."

सगळे हसले. मग अर्ज वाचून दाखवला आणि दादा, खरं सांगते, माझे डोळे भरून आले. पूर्वजांच्या वेद्या थंड पडल्या, देवळांच्या पायऱ्यांवर गवत उगवलं, असं काय काय. ऐकताना बियाससही डोळे पुसत होता. गवताचा उल्लेख फक्त पायऱ्यांवर. मी अक्रोड फोडत होते, त्यामुळे सगळं नीट ऐकू आलं नाही.

बाबा काही बोलले नाहीत. एवढंच सांगते.

घाबरू नकोस. नावं फक्त इथल्या लोकांची आहेत. तू सिनोपेत आहेस, मध्ये एवढा किनारा आहे. काकांनी मला शब्द दिलाय.

आणि हो, माझं लग्न ठरतंय. बियाससचा मुलगा बागास. कान मोठे आहेत त्याचे, पण स्वभावाने गरीब आहे. गंजी विकली गेली की वसंतात करू म्हणतायत. तू असायला हवास. माझ्या डोक्यावर ओढणी कोण घालणार, भुऱ्या?

अम्मिया

अमास्त्रिस, पहिलं बर्फ पडलं त्या आठवड्यात, घाईत

दादा,

सिनोपेला जाणारी ही शेवटची नाव. मग समुद्र बंद. तुला पकडलंय हे काल कळलं. दोरवाल्या मालकाने निरोप पाठवला, आणि वर विचारतोय की तुझी जागा दुसऱ्याला देऊ का. लोक असे असतात.

नाव कोणी दिलं कळत नाही. अर्जात तर नव्हतं.

नीट ऐक. सुभेदाराचा हुकूम इथे चौकात वाचून दाखवला, मी स्वतः ऐकला. तुम्हाला मारायचं असं त्यात नाही. सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकायचा, थोडी दारू ओतायची, झालं, घरी जा. तोंडाने बोलायलाही नको, नुसती मान हलवली तरी चालतं. हाकिम तीनदा विचारतो. तीनदा, दादा. मेंढ्यालासुद्धा आपण एवढं विचारत नाही.

इथे तर जत्रा भरलीये. ज्याच्यावर संशय तो मेंढा घेऊन वेदीकडे पळतोय, ज्याच्यावर नाही तोही पळतोय, उगाच उद्या कोणी बोट दाखवायला नको. काकांचे हात दिवसभर सुकत नाहीत. मटण सकाळीच संपतं. बियाससने गंजी विकली आणि आता म्हणतो, "देव जागे झाले बघा." तुमच्या प्रार्थनेला यायची ना ती सुताराची बायको, ती परवा रांगेत होती. मेंढा परवडला नाही म्हणून कोंबडा काखेत. माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे बघायला लागली. मला तिचा राग नाही आला. ती घरी गेली, तिने चूल पेटवली, तिच्या पोरांना आई आहे.

तू पण तेच कर. मनात काय ते मनात ठेव, तिथे कोण बघायला येतंय? मान हलव. एवढंच मागतेय. आपल्या धंद्यात ज्याने होकार दिला नाही तो वाचतो, हे तुझ्या डोक्यात बसलंय. भुऱ्या वाचला म्हणून तू पण वाचशील असं वाटतंय का तुला? त्यांच्या चौकात उलटं आहे. तिथे होकार देणारा घरी येतो.

नावाडी हाका मारतोय.

अम्मिया

अमास्त्रिस, वारा पडला त्या दिवशी

दादा,

हे पत्र बाबांच्याच पिशवीत आहे. खेचर घेऊन डोंगराच्या वाटेने निघालेत. या थंडीत, त्या खोकल्यासकट. मी म्हटलं, काकांना पाठवू. तर बाबा म्हणाले, "झार्दोकसचा हात नको त्याच्या अंगावर." मला नीट कळलं नाही.

सिनोपेचा पुजारी बाबांना ओळखतो, वर्षानुवर्षं त्याच्या वेदीला आपलेच मेंढे गेलेत. डोंगराच्या वाटेनेच त्याचा निरोप आला, त्याने कबूल केलंय. तुला चौकात आणतील तेव्हा पाणी शिंपडायला बाबा उभे असतील. हाकिमालाही तुला मारायची हौस नाहीये, पुजारी म्हणतो, त्याला फक्त काहीतरी लिहून घ्यायचंय.

तू काही करायचं नाहीस. धूप हातात घेऊ नकोस, तुझ्या देवाला नाही म्हणू नकोस. तुझ्या माथ्यावर काही येणार नाही. नुसता उभा राहा आणि गप्प राहा. लहानपणी मला धमकी दिली होतीस ती आठव.

कल्पना माझी आहे. बाबा आधी तयार नव्हते. "माणसावर कधी केलं नाही," म्हणाले. मी म्हटलं, "मग आता करा."

घरी ये. बागासच्या कानांवर हसायला तरी ये.

अम्मिया

अमास्त्रिस. बाबा परत आले. तारीख काय घालू

दादा,

एकटे आले. खेचरावर आडवे पडून. दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन बसले आणि भुऱ्याशी बोलायला लागले. मी दाराआड उभी राहून ऐकलं.

"वाळलाय आपला गासिस," म्हणाले, "पण दाढी स्वच्छ होती रे." मग सगळं सांगितलं, त्या मेंढ्याला. हाकिमाने विचारलं, धूप टाकणार का. तू गप्प. बाबा वाडगा घेऊन मागे. सगळ्यांवर पाणी शिंपडलं, हाकिमावर, शिपायांवर, तुझ्यावर. परत विचारलं. तू गप्प. तिसऱ्यांदा विचारलं आणि बाबांनी अंगठ्यावरून थेंब तुझ्या कानात सोडला. बर्फाचं पाणी होतं. तुझी मान झटक्यात खाली गेली, अगदी आपल्या मेंढ्यांसारखी. पुजारी ओरडला की होकार दिला, होकार दिला. हाकिम म्हणाला, "लिहून घ्या. सोडा याला."

झालं होतं, दादा. झालं होतं सगळं. शिपाई दोर सोडायला खाली वाकलासुद्धा होता.

आणि तू वळलास, हसलास, आणि म्हणालास, "बाबा, हात अजून तसाच आहे तुमचा."

तिथे तरी थांबायचंस. त्यांना वाटलं असतं पोरगं आनंदाने बडबडतंय. पण तू सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं सांगितलंस. हा होकार माझा नाही, माझ्या कानात पाणी आहे. मी स्वतः किती मेंढ्यांच्या कानात सोडलंय त्याची गणती नाही, त्यातल्या एकानेही होकार दिला नव्हता. तुम्ही ज्यांचं मटण खाल्लंत ती सगळी जनावरं नाहीच म्हणत होती.

बाबा म्हणाले, तोपर्यंत कोणाला राग आलाच नव्हता. तू कोणत्या देवाला मानतोस याचं तिथे कोणाला पडलं नव्हतं, अर्धे लोक तर जेवायच्या वेळेची वाट बघत होते. मेंढ्यांचं बोललास आणि आग लागली. आधी खाटीक ओरडला. मग हारवाला, मग धूपवाला. पुजारी, आपला तो ओळखीचा पुजारी, बाबांना ढकलून पुढे आला आणि म्हणाला, "हा देवांची निंदा करतोय." देवांची कुठे केलीस निंदा? आमच्या अंगठ्याची केलीस.

मग हाकिमाला घरी जाता येईना. तलवार नको म्हणाला, लाल दगडाच्या खाणीत टाका. बियासस म्हणतो ती तलवारच आहे, फक्त हळू चालते. तिथली हवाच माणूस खाते म्हणे.

तू काय मिळवलंस? सांग मला. बाबांनी आयुष्यात एकदाच त्या हाताने कोणाला तरी वाचवायला घेतलं होतं.

थांब, चुकलेला तू एकटाच नाहीस, बाकीचं पण लिहिते. त्या अर्जावर बाबांच्या अंगठीचाही शिक्का आहे. मी तुला लिहिलं नव्हतं. जमले होते ते आपल्याच घरात, अक्रोड मी त्यांच्यासाठीच फोडत होते. आणि काका. बातमी ऐकून त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? "ऐकायला किती लोक होते?" तू कसा आहेस हे नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, काकांना भीती होती ती गुपिताची.

मी म्हटलं, "काका, सिनोपेत त्याचं नाव तुम्ही दिलंत."

म्हणाले, "मी नाव दिलं नाही. मी धंदा वाचवला. तो कधीतरी तोंड उघडणारच होता."

"पकडलं नसतं तर दोर वळत बसला असता तो. कधीच बोलला नसता."

काकांनी ताट जवळ ओढलं. मग म्हणाले, "ते आता कळून काय उपयोग," आणि ताटातलं चीज संपवलं.

मला तुझा राग आलाय की त्यांचा, ते ठरत नाहीये. दोघांचाही येतो, आलटून पालटून. हे पत्र कोणाबरोबर पाठवू तेही माहीत नाही.

अम्मिया

अमास्त्रिस, मेंढरं परत डोंगरावर गेली त्या महिन्याची अमावास्या

दादा,

खाणीतून लाल दगड आणणारा एक खेचरवाला भेटला. तुला ओळखतो म्हणाला. "तो मेंढेवाला ना? खोकतो, पण गातो." त्याच्याकडे हे आणि आधीचं, दोन्ही देतेय. आधीचं वाचलं नाहीस तरी चालेल. पण वाच.

इथलं सांगते. तुला वाटलं असेल तू सत्य सांगितलंस म्हणजे वेदी ओस पडली. ऐक तर मग. बर्फ वितळेपर्यंत आपला एकही मेंढा कोणी घेतला नाही. बाबांना वेदीपाशी उभं करत नाहीत, पोरं त्यांना बघून कान हलवतात. काका वेगळे झाले. आणि आता काकांचे मेंढे सगळ्यात महाग जातात, कारण ते वेदीवर नेताना सगळ्यांसमोर त्यांच्या दोन्ही कानांत मेण भरतात. "बघा, थेंब जायला जागा नाही. आमचा होकार खरा." लोक पुढे येऊन बोट घालून बघतात आणि खूश होतात. मेंढाही मान हलवतो. का हलवणार नाही? शिंगाच्या बुडाशी लोकरीत गोचीड चिकटवलेली असते, पाणी पडलं की चावते. मला एकटीला माहितीये. काकांना माहितीये की मला माहितीये. परवा रस्त्यात भेटले तर म्हणाले, "तुला काही कमी पडलं तर सांग हो, पोरी."

बागासचं लग्न झालं. काकांच्या मुलीशी. मी गेले होते. कान खरंच फार मोठे आहेत.

आम्ही लोकर विकतो. दोघांपुरतं होतं. बाबा पाणीसुद्धा आता डाव्या हाताने पितात. मी विचारलं, उजवा दुखतो का, तर म्हणाले नाही. भुऱ्याचं तोंड आलंय, चावता येत नाही, त्याला पाला चुरून द्यावा लागतो. बाबाच देतात. देताना त्याला विचारतात, "खाणार का?" आणि तो मान हलवेपर्यंत खरंच थांबतात, कितीही वेळ लागला तरी.

खेचरवाला म्हणाला, दर अमावास्येला मुकादम तुम्हाला रांगेत उभं करून तेच विचारतो, आणि ज्याने मान हलवली त्याला वर सोडतात. दोघेजण आले वर. तू नाही. आज अमावास्या आहे. हे लिहितेय तेव्हा विचारत असेल.

दरवेळी मी पत्रात एकच गोष्ट मागितली तुझ्याकडे. या वेळी मागत नाही. वेदीजवळून येताना प्रत्येक वेळी ती कानात मेण भरलेली डोकी होकार देताना दिसतात, आणि मला ते आता बघवत नाही. या अख्ख्या किनाऱ्यावर एक मान अशी असू दे जिच्यावर आमच्यापैकी कोणाचाच हात नाही.

खेचरवाला म्हणाला, आत छतातून सारखं पाणी ठिबकतं, थंड. सोबत मेणाचा गोळा पाठवतेय. आपल्याच पोळ्यांचं आहे, काकांकडचं नाही. हातात मळून मऊ कर आणि दोन्ही कानांत नीट दाबून भर, पुढच्या वेळी मुकादम यायच्या आधी.

अम्मिया